मांगे कोन शे?

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळपासून मुलींच्या वसतिगृहाच्या ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडते आहे. वर्षाचं तिखट करायचं तर हे काम टाळून चालत नाही. स्वयंपाकवाली रजेवर आहे, बोटं चुरचुरताहेत आणि डोळ्याला हात लावायची सोय नाही. तरी हाताशी काम आहे ते बरंच. रिकामी बसले तर उसाकडे बघत बसेन.

ऊस आमच्या कुंपणाला लागून आहे. परवा रात्री गेटवरचं कुत्रं गेलं. भुंकल्याचा आवाज कुणालाच आला नाही. सकाळी साखळी तेवढी होती, तुटलेल्या पट्ट्यासकट. पंपाजवळच्या ओल्या मातीत पंजा उमटला होता. मुली उठायच्या आत मी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. उपयोग झाला नाही. सातपुड्यातल्या मुली आहेत, त्यांना कळायला पंजा दिसावा लागत नाही. काल रात्री सगळ्यांनी खाटा ओढून एकाच खोलीत घेतल्या.

उद्या शनिवार, सकाळची शाळा आणि दहावीच्या सराव परीक्षेचा पहिला पेपर. शाळा तळोद्याच्या वेशीवर, वसतिगृह गावाबाहेर, आणि मधल्या वाटेला दोन्हीकडे ऊस. जीपवाले रात्री डोंगरातल्या गावांत मुक्कामाला असतात, ते सकाळी उशिरा खाली उतरतात. म्हणजे मुलींनी चालतच जायचं. आता मुख्याध्यापकांचा फोन येऊन गेला. योजना ठरली म्हणाले. पुढे काठ्या घेतलेली माणसं, त्यांच्यात एक जण पत्र्याचा डबा वाजवणारा, आणि मागून मुली. इकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. "मॅडम, आजमावलेली पद्धत आहे. खाली एका गावात अशानंच वाघ पळाला," म्हणाले.

त्यांनी गावाचं नाव घेतलं आणि माझा हात थांबला. त्या गावात मी राहिले आहे. त्या रांगेत मी होते. त्या रांगेत जिजीही होती, आणि तिचं नाव फोनवर निघालं नाही.

जिजी माझी घरमालकीण. वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून येण्याआधी मी तळोद्याला ऑफिसात होते आणि प्रकाशा गावाच्या बाजूला असलेल्या त्या खेड्यात तिच्या माडीवर भाड्यानं राहत होते. साठीच्या पुढची बाई, अंगानं दणकट, गुडघ्यांनी अधू. घरची केळीची आणि मिरचीची शेती दीर बघायचे. वारलेल्या नवऱ्याचा मफलर बारा महिने गळ्यात, अगदी मे महिन्यातसुद्धा. पाण्याच्या मोटारीच्या बटणापाशी खुर्ची टाकून बसायची आणि आपल्याला वाटलं की मोटार बंद करायची, मग माझी बादली अर्धी असो की रिकामी. पहिल्याच महिन्यात मी तिच्याशी दोनदा भांडले. ती आवाज चढवत नसे, आणि तेच जास्त झोंबायचं.

या बाईला मोबाइलवरच्या खेळाचं वेड होतं. सुरतेचा भाचा जुना फोन टाकून गेला, त्यात तो खेळ होता. आपली पाच जणांची टोळी, समोर दुसरी पाच जणांची, आणि मध्ये रान, नदी, पूल. खेळणारे कुठले कुठले, एकमेकांना न ओळखणारे, पण बोललेलं एकमेकांना ऐकू जायचं. सुरुवातीला प्रत्येकानं आपलं सोंग निवडायचं: तलवारवाला, तिरंदाज, जादूगार, जखमा भरणारा वैद्य, नाहीतर ढालवाला. ढालवाला जाडजूड आणि मंद. दुसऱ्यावर येणारा मार आपल्या अंगावर घेणं एवढंच त्याचं काम. जिजी कायम ढालवाला घ्यायची.

"तोच का हो?" मी एकदा विचारलं.

"मन्हा गुडघा दुखतस. तलवारवालाले धावनं पडस."

ती चेष्टा करत नव्हती.

दुपारी गच्चीवर मिरच्यांचा ढीग, शेजारी स्टीलच्या ताटलीत उभा केलेला फोन, आणि जिजी एका हातानं देठ खुडते आहे, दुसऱ्या हाताच्या करंगळीनं खेळते आहे. करंगळीच, कारण बाकीच्या बोटांना तिखट. खेळात मेलं की परत जिवंत व्हायला थोडा वेळ लागतो. "तलवारवाली ऱ्हातू तर मन्ह्या सगळ्या मिरच्या खुडाई जात्यात," ती म्हणायची. "त्या घडीघडी मरतस, मंग बठी ऱ्हातस."

फोनमधून कुणी परगावचा पोरगा ओरडायचा, "आंटी, पीछे क्यों खड़ी हो? आगे आओ!"

"पुढे चार जन मराले जाई ऱ्हायनात. पाचवी मी कसाले?"

"क्या बोल रही है आंटी?"

"पता नहीं भाई. गाली दी शायद."

पुष्कळदा ते तिला टोळीतून काढून टाकत. मग ती फोन पालथा घालायची आणि त्या पोराच्या आईची कीव करायची.

गावातली पोरं मारुतीच्या पारावर बसून हाच खेळ खेळायची, आणि एकूणएक तलवारवाले. कुणी एक इनाम मिळवलेला खेळाडू होता, त्याचे व्हिडिओ ही पोरं पाठ करायची. तो जी तलवार घेईल ती, तो जिकडून जाईल तिकडून. त्यानं आपल्या सोंगाला लाल फेटा बांधला तर आठ दिवसांत पारावर सगळे लाल फेटेवाले.

"जिजी, ती ढाल सोड आते," एक जण म्हणाला. "तो तलवारच घेस."

"तो घेस म्हनीसन तू घेस. तो कसाले घेस ते इचारं का?"

"जिंकस ना तो!"

"तो जिंकस. तू कव्हय जिंका?"

पार हसला. पण दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या हातात तलवारच होती.

मला खेळातलं काही कळत नाही. पण सगळ्यांना एकच सोंग का हवं, हे मी तिला एकदा खरोखर कुतूहलानं विचारलं. तिनं खेळ संपल्यावरचा पडदा माझ्यासमोर धरला. "देख. कुनी कितला मारा ते आठे लिखेल शे. कितला वाचाडा ते कोठेच लिखेल नही. मंग ढाल कोन घेई?"

"आणि ती नक्कल?"

"भेव वं. येगळं करीसन हारं तर सगळा शिव्या देतस. सगळास्नासारखं करीसन हारं तर नशीब."

व्हिडिओ तीही बघायची, पण उलट्या कारणासाठी. त्या इनामवाल्यानं एकदा पुलाखालून जाऊन डाव जिंकला, तेव्हापासून सगळे पुलाखालून जायला लागले. "समोरना काय आंधया शेत? त्यास्नीबी तोच व्हिडिओ देखा. आते त्या पूलखालेच बठेल ऱ्हातस." डाव सुरू झाला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "मांगे कोन शे?" उत्तर कधी यायचं नाही. मग ती स्वतःच मागे जाऊन उभी राहायची.

ही सवय फोनपुरती नव्हती. एसटीत चढताना, लग्नाच्या पंगतीत, शेतातून परतताना ती थांबायची, वळायची आणि विचारायची, मांगे कोन शे? लोक तिला टाळत. मीही टाळायची.

मग तो हिवाळा आला. आधी कुत्री कमी झाली. मग शेळ्या. मग एक दिवस बांधावर गवत कापणाऱ्या दोघी जावांपैकी एक गेली. तिच्याकडून मी दूध घेत असे. दुसरी जाऊ चार हातांवर होती. तिनं सांगितलं की विळ्याचा आवाज थांबला म्हणून मी वर बघितलं. ओरडणं नाही, काही नाही. नुसता विळ्याचा आवाज थांबला.

हे ऐकल्यावर मला आवाज थांबण्याची भीती बसली. रातकिडे गप्प झाले की मी उठून बसायची. माडीचा जिना बाहेरून होता, तो मी पाठ भिंतीला लावून चढायची. दिवेलागणीला गाव बंद. बायकांना परसाकडे जायचं तर सात-आठ जणी जमवाव्या लागत, आणि तिथंही कुणी खाली बसायला तयार नसे. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात शेळी बांधली. ती रात्रभर ओरडायची आणि सकाळी तशीच जिवंत असायची. वाघ पिंजऱ्याभोवती फिरून गेल्याच्या खुणा मात्र रोज.

आमची खरी अडचण सकाळची होती. कॉलेजच्या मुली, मिरच्या वाळवायच्या पथारीवर कामाला जाणाऱ्या बाया आणि मी, सगळ्यांना पाटाच्या कडेनं उसातून चालत फाट्यावर जाऊन बस धरायची असे. चावडीवर बैठक झाली. शेजारच्या गावानं पुढे काठ्या आणि डबा घेऊन चालायला सुरुवात केली आणि तिथं वाघ दिसेनासा झाला, तेव्हा आपणही तेच करायचं असं ठरलं. काठी धरायला पंधरा जण तयार झाले. डबा कुणी वाजवायचा यावरून जुंपली. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

जिजी दारात उभी होती. "त्यास्ना ऊस तुटी गया का?" तिनं विचारलं.

"ओ जिजी, हाई मोबाइलना खेळ नही."

"तेच सांगी ऱ्हायनी. त्यास्ना ऊस दिवाळीना मांगेच तुटना. वाघले तठे दपाले जागा नही, म्हनीसन तो आठे उना. डबाले भ्याईसन नही."

डब्यावरची हुज्जत पुन्हा सुरू झाली. ती म्हणाली, "बरं, वाजाडा डबा. मांगे कोन शे?"

"मांगे पोरी शेत, बाया शेत."

"म्हंजे मांगे कोनीच नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मफलर सोडून हातात घेऊन आली आणि रांगेच्या शेवटी माझ्यामागे उभी राहिली. मफलरचं एक टोक तिनं माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या. "तू पुढे देख, मी मांगे देखस. दगड उना तर सांगज्यो."

"मीच का?"

"पानीवरथीन तू माले भांडनी. बाकीना गप ऱ्हातस."

आणि ती उलटी चालायला लागली. तोंड उसाकडे, पाठ माझ्या पाठीला, पाऊल मागे. दुखऱ्या गुडघ्यानं. तिचे नियम तीन: कुणी वाकायचं नाही, कुणी पळायचं नाही, आणि पुढच्यानं थोड्या थोड्या वेळानं ओरडून विचारायचं, मांगे कोन शे? त्यावर ती म्हणायची, "मी शे." दोन-तीन दिवसांत पोरांनी तिचं नाव उलटी जिजी ठेवलं. मी दगड सांगत होते, खड्डे सांगत होते, आणि मनातून मला या वरातीची लाज वाटत होती.

एका सकाळी दाट धुकं होतं. पुढचा डबा ऐकू येत होता, माणसं दिसत नव्हती. माझ्या पुढच्या मुलीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती वाकली. त्याच क्षणी माझ्या मनगटाला हिसका बसला. जिजी थांबली होती.

"उभी कर तिले," ती अगदी हळू म्हणाली.

मी त्या मुलीची वेणी धरून तिला वर ओढलं. ती रडायला लागली, मी तिच्या तोंडावर हात दाबला. डबा पुढे गेला होता. पुढून आवाज आला, "मांगे कोन शे?"

जिजी बोलली नाही.

"मांगे कोन शे?"

मफलर ताठ होता आणि थरथरत होता. ती थरथर माझी की तिची, मला कळेना. मागे बघायचं नाही, हे माझं काम ठरलेलं होतं. ओल्या पाचटाचा वास येत होता आणि त्यात दुसरा एक वास होता, तो मला अजून सांगता येत नाही. मग जिजीचा आवाज आला.

"मी शे. आखो कोनतरी शे."

रांग जागच्या जागी थिजली. पुढे डबा पडल्याचा आवाज झाला. काठीवाल्यांपैकी बरेच जण फाट्याकडे पळाले, हे नंतर कळलं. दोघे परत यायला निघाले, पण पाटाची वाट अरुंद आणि मध्ये सगळ्या बाया. मागे जिजीच होती.

"हयू हयू चाला," ती म्हणाली. "पयू नका." मग त्याच आवाजात दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागली. "बस भो. तठेच बस. आम्ही जाई ऱ्हायनूत. तुले कोनी काही करत नही, बस."

मी दगड सांगत राहिले. दगड. खड्डा. डावीकडे पाणी. त्या मुलीला पुढे ढकलत राहिले. पाटावरच्या पुलाशी धुकं विरळ झालं आणि मी मागे बघितलं. तो वाटेच्या मधोमध बसला होता, घरच्या मांजरासारखा, पाय जुळवून. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आपल्यात आणि त्याच्यात काहीच नव्हतं, एक म्हातारी बाई तेवढी होती. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्याकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे. मग तो उठला आणि उसात शिरला. पान हललं नाही.

फाट्यावर चहाच्या टपरीशी ती बसली तेव्हा ओतलेला चहा बशीत कमी आणि लुगड्यावर जास्त पडला.

"भ्यायनी मी," ती म्हणाली. "मोबाइलमा मरीसन परत उठतस वं."

त्यापुढे तिनं त्या सकाळबद्दल काही सांगितलेलं मला आठवत नाही. दुपारी गच्चीवर मिरच्या होत्या, करंगळी होती, ढालवाला होता. मोटार तिनं त्या दिवशीही माझी बादली अर्धी असतानाच बंद केली. उरलेले सगळे दिवस ती उलटी चालली.

पुढे आमच्या गावातला ऊस तुटला आणि वाघ दिसेनासा झाला. गावानं ठरवून टाकलं की तो डब्यानं पळाला. चेपलेला डबा चावडीत टांगला, त्याला हार घातला. पळालेल्यांपैकीच एक जण तो किस्सा बाजाराच्या दिवशी तळोद्यात सांगायचा. जिजी त्यात नसायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं दाखवलं नाही. माझी बदली झाली. दोन वर्षांपूर्वी ती वारली, साध्या तापानं. निरोप मिळाला तेव्हा कार्य होऊन गेलं होतं.

संध्याकाळी मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि चार शेतकरी ओट्यावर येऊन बसले. मी हे सगळं सांगितलं, इतकं लांबण न लावता. खालच्या गावात वाघ डब्यानं गेला नाही, ऊस तुटला म्हणून गेला, आणि आपला ऊस अजून उभा आहे. पाटील म्हणाले, "मॅडम, पण डबा वाजाडाले काय जास?"

"वाजवा. मागे कोण?"

"मागे मुली."

मी पुन्हा विचारलं. एकेकाकडे बघून विचारलं. सगळ्यांच्या हातात काठ्या होत्या, नव्या, तासलेल्या. सगळे पुढे चालणार होते. एक जण चहाच्या कपात बघत म्हणाला, "पुढे पन तर कोनी पाह्यजे ना."

"मागे मी," मी म्हणाले. "तुम्ही पुढून विचारत राहा, एवढं करा."

ते गेल्यावर मिरच्यांचं पोतं बांधलं, हात तेलानं चोळून धुतले. मुलींना तीन नियम सांगितले आणि त्यांच्याकडून म्हणून घेतले. माझ्यापुढे चालायला मणिबेलीकडची एक दहावीतली मुलगी निवडली. तिचं गाव नदीकाठी, ती घरून नावेतून येणारी, कमी बोलणारी. तिनं विचारलं, "मॅडम, वाघ खराच आला तर?" मी म्हटलं, "तर तू दगड सांगत राहायचं." मला झोप लागत नाही.

१३ डिसेंबर. पेपर वेळेवर सुरू झाला आणि सगळ्या मुली बाकांवर होत्या, हे आधी सांगून टाकते.

गेटला कुलूप लावलं. मुलीच्या ओढणीचं टोक मनगटाला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. पुढे डबा सुरू झाला. मी उसाकडे तोंड केलं आणि पाऊल मागे टाकलं. उलटं चालणं वाटतं त्यापेक्षा फार कठीण आहे. टाच जमीन शोधते, आणि नजर काढून घ्यायची नसते. "दगड," मुलगी म्हणाली. "खड्डा, मॅडम." तिचा आवाज सरळ होता. माझा राहिला असता की नाही, सांगता येत नाही.

अर्ध्या वाटेवर उसाच्या कडेचं पाचट एका जागी दबलं. वारा नव्हता. बाकी कुठंच काही हललं नाही. मी त्या जागेवर डोळे लावले, पाय ओढत राहिले, आणि पुढून मुलींपैकी कुणीतरी ओरडलं, "मागे कोण आहे?"

पहिल्यांदा आवाज निघाला नाही. ओढणीला झटका बसला, मुलगी वळणार हे कळलं.

"पुढे बघ," मी म्हणाले. मग उसाकडे बघत, त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "मी आहे."